अंश, मिनिटे आणि एक डबा

पुण्यातील मनुष्य पत्ता सांगू लागला म्हणजे पहिल्याने मारुती सांगतो. जिलब्या मारुतीवरून उजवीकडे, किंवा पत्र्या मारुतीच्या अलीकडे, मग एक वाडा, वाड्याच्या बोळात कोणालाही विचारा. असे त्या पत्त्याचे प्रास्ताविक असते. असा मनुष्य बदली होऊन चंदिगढला आला, की प्रारंभीचे काही दिवस त्याला चुकल्याचुकल्यासारखे होते. येथे मारुती विचारून भागत नाही. घराला क्रमांक, सेक्टरला क्रमांक, आणि रस्त्यालाही त्याच्या दर्जाप्रमाणे व्ही-१ पासून व्ही-७ पर्यंतची पायरी. ल कॉर्ब्युझिए या फ्रेंच-स्विस वास्तुकाराने आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब अशा चौकटी आखून हे नगर वसविले. त्या चौकटींना ओळीने आकडे दिले आणि मूळ आराखड्यात तेराचा आकडा तेवढा गाळला. (२०२० साली तो मनीमाजऱ्याला देण्यात आला, ही गोष्ट निराळी.) दोन आकडे सांगितले की टपालवाल्याचे काम झाले.

ज्या नगरात प्रत्येक वस्तूचा ठावठिकाणा आकड्यांनी बांधलेला आहे, तेथे लपंडाव कसला खेळणार, असे कोणासही वाटेल. परंतु जगभर गेली पंचवीस वर्षे मोठी माणसे जो एक लपंडाव मोठ्या गंभीरपणे खेळत आहेत, तो मुळी आकड्यांचाच आहे. त्याचे नाव जिओकॅशिंग. यातील ‘कॅश’ म्हणजे रोकड नव्हे. लपविणे या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून तो शब्द आला आहे. कोणीतरी एक डबा कोठेतरी लपवून ठेवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि बाकीच्यांनी ते आकडे घेऊन डबा हुडकावयाचा, आतील वहीत नाव व तारीख लिहावयाची, आणि डबा होता तसाच परत ठेवावयाचा. डब्यात एखादी क्षुल्लक भेटवस्तू असल्यास ती घेता येते. मात्र बदली तितक्याच किंवा अधिक मोलाची ठेवावी, असा संकेत आहे. गुप्तधन म्हणावे तर एवढेच.

या खेळाचा जन्म तारखेनिशी सांगता येतो, हे त्याचे एक वैशिष्ट्य. अमेरिकेचे जी.पी.एस. उपग्रह नागरी वापरासाठी जो संदेश पाठवीत, त्यात पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असे. सैन्याला अचूक स्थान कळावे, इतरांना शंभरेक मीटरांच्या घोळात ठेवावे, असा तो हिशेब होता. २ मे २००० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आज्ञेवरून ती चूक काढून टाकण्यात आली आणि सामान्य माणसाच्या हातातील यंत्र एका रात्रीत दसपटीने खरे बोलू लागले. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश संगणकाच्या जाळ्यावर प्रसिद्ध केले. बादलीत पुस्तके होती, थोडे पैसे होते, एक गलोल होती आणि शेंगदाण्यांचा नव्हे पण घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबाही होता. आज जगात असे तीस लाखांहून अधिक डबे लपलेले आहेत. इंग्रजांचे म्हणणे, की यात नवे ते काय? डार्टमूरच्या माळावर १८५४ पासून लोक बाटलीत नावाच्या चिठ्ठ्या ठेवीत आले आहेत. ते खरेच आहे. पण त्या बाटलीपर्यंत वाटाड्या नेई, आकडे नव्हे.

भारतात या खेळाचा प्रसार युरोप-अमेरिकेच्या मानाने फारच थोडा. म्हणून चंदिगढात राहणाऱ्या एखाद्या मराठी गृहस्थाने उद्या सकाळी तो आरंभावयाचा म्हटले, तर त्याने काय करावे, हा प्रश्न जरा तपशिलाने पाहण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट अशी, की त्याने काहीही विकत घेऊ नये. छंद लागण्याआधी छंदाचे साहित्य आणावयाचे, ही मध्यमवर्गाची जुनी खोड आहे. तबल्याची जोडी, चित्रकलेचे रंग आणि दुर्बीण यांनी अनेक घरांची माळ्यावरची जागा अडविली आहे. हल्लीच्या बहुतेक मोबाइल फोनमध्ये उपग्रहांचे संदेश घेणारा घटक असतोच. जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावे, फोनवर त्यांचा कार्यक्रम घ्यावा, आणि शोध किती कठीण व वाट किती खडतर हे दाखविणारे जे एक ते पाच असे दोन अंक प्रत्येक डब्यापुढे दिलेले असतात, त्यांपैकी दोन्ही अंक एक किंवा दीड असलेला डबा निवडावा. तो आपल्या शहरात नसेल तर प्रवासात ज्या गावी असेल त्या गावी शोधावा. निदान चार-पाच डबे सापडल्यावाचून आणि एक-दोन न सापडल्यावाचून पुढे जाऊ नये. न सापडलेला डबा अधिक शिकवितो.

शिकण्याजोगे प्रथम काय, तर आकडे वाचणे. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्याचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, सुमारे १८५० मीटर. या खेळात मिनिटाचे तीन दशांश स्थळांपर्यंत भाग करतात. म्हणजे शेवटचा आकडा एकाने बदलला तर उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटरचा फरक पडतो. चंदिगढच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम तोच फरक १.६ मीटरच्या आसपास असतो, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकींजवळ येत जातात. आता १७ व्या सेक्टरच्या मध्यभागाचे आकडे पाहावे: ३० अंश ४४.३९० मिनिटे उत्तर, ७६ अंश ४६.९६० मिनिटे पूर्व. नवशिक्या मनुष्याने मिनिटांचे चिन्ह न पाहता हेच आकडे ३०.४४३९ आणि ७६.४६९६ असे दशांश अंशांत भरले, तर यंत्र तक्रार करीत नाही. ते मुकाट्याने त्याला चाळीसहून अधिक किलोमीटर नैर्ऋत्येस, राजपुरा-पतियाळाच्या बाजूच्या शेतांत नेऊन उभे करील. यंत्रे आज्ञाधारक असतात. कचेरीत अशा आज्ञाधारकपणाची फळे ज्यांनी भोगली आहेत, त्यांना हे अधिक सांगावयास नको.

दुसरी अडचण या नगरापुरतीच आहे. चंदिगढचे मस्तक शिवालिकच्या डोंगरांकडे, म्हणजे ईशान्येस. त्यामुळे त्याचे रस्ते सरळ उत्तर-दक्षिण नसून तिरपे पडले आहेत. यंत्रावरचा बाण जेव्हा थेट उत्तरेकडे खुणावतो, तेव्हा रस्ता त्या बाणाला काटकोनात कधीच छेदीत नाही. बाण कोणाच्या तरी कुंपणातून आणि हिरवळीतून जातो. शोधकाने बाणाचे ऐकावे, पण चालावे रस्त्याने. अंतर कमी होते आहे की वाढते आहे, एवढ्यावरच नजर ठेवावी. आणि ते अंतर आठ-दहा पावलांवर आले, की यंत्र सरळ खिशात टाकावे. तेथून पुढे त्याचे काम संपलेले असते. उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून आपली वेळ सांगतो. ती पोचावयास किती अवकाश लागला यावरून यंत्र अंतर काढते. अशा निदान चार उपग्रहांची अंतरे जुळवून स्थान ठरते. या गणितात सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तर तीनशे मीटर बिघडतात. वाटेत झाडांची ओली पाने, काँक्रीटच्या भिंतींवरून उलटणारा संदेश, वरच्या वातावरणातील विलंब हे सारे असताना यंत्र पाच-सात मीटरांवर आणून सोडते, हाच मोठा चमत्कार. पुढे डोळे लागतात. झाडाच्या बुंध्याशी तीन दगड ओळीने का बसले आहेत? पुलाखालच्या नळाचे टोपण नवे का दिसते? जेथे कोणाचा तरी हात फिरल्याची खूण आहे, तेथे शोधावे.

सरावासाठी १६ व्या सेक्टरातील झाकिर हुसेन गुलाब उद्यान चांगले. १९६७ साली झालेले हे उद्यान मोकळे आहे, आकाश उघडे आहे. तेथे एका ठराविक बाकाचे आकडे तीन निरनिराळ्या दिवशी टिपावे, आणि मग एखाद्या दाट वृक्षांच्या रस्त्यावर तेच करावे. दोहोंतील तफावत पाहिली की यंत्राची मर्यादा पुस्तकापेक्षा लवकर कळते.

इतके झाल्यावरही छंद टिकला, तर स्वतंत्र हातयंत्राचा विचार करण्यास हरकत नाही. फोन असताना ते कशासाठी, याचे उत्तर शहरात मिळत नाही. मोरनीच्या टेकड्यांत किंवा कसौलीच्या चीडवनात मिळते. तेथे मोबाइलचे जाळे विरळ होते, दुपारच्या उन्हात काचेवरचे अक्षर दिसत नाही, हातून फोन दगडावर पडतो, आणि संध्याकाळी घरी निरोप देण्याच्या वेळी त्याची बॅटरी संपलेली असते. हातयंत्र घेताना पहिला प्रश्न बॅटरीचाच असावा. साध्या पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र डोंगरातील किराणा दुकानाच्या भरवशावर राहू शकते. आतल्या आत बसविलेल्या बॅटरीचे यंत्र दिसावयास देखणे, पण त्याला वीज हवी. दुसरा प्रश्न कळांचा. डिसेंबर-जानेवारीत चंदिगढात जे धुके उतरते, त्यात हातमोजे घालून स्पर्शाचा पडदा चालविणे म्हणजे शिक्षा; तेथे ठसठशीत कळाच बऱ्या. पाण्याविषयी विचारताना ‘पावसात चालते का’ असे मोघम न विचारता, एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची कसोटी ते उतरले आहे का, असे विचारावे.

तिसरा प्रश्न होकायंत्राचा. येथे दुकानदार बहुधा गप्प बसतो. स्वस्त यंत्रातील बाण चालत असतानाच खरा असतो. थांबले की तो भरकटतो, कारण दिशा तो चालण्यावरून काढतो. गार्मिन कंपनीची २०१९ साली आलेली ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स ही जोडी उदाहरणादाखल घेता येईल. दोन्ही बाहेरून जवळपास सारखी. पण दुसरीत होकायंत्र आणि वायुभारावरून उंची सांगणारे साधन आहे, पहिलीत नाही. डब्याभोवती घुटमळणाऱ्या शोधकाला होकायंत्राचा उपयोग होतो. उंचीच्या साधनाचा फारसा होत नाही. त्याच कंपनीच्या २०२० च्या जीपीएसमॅप ६५ सारखी यंत्रे उपग्रहाचे संदेश दोन कंप्रतांवर घेतात. त्यामुळे झाडीत आणि घळीत स्थान अधिक स्थिर राहते, किंमतही तशीच. जो वर्षातून दहा रविवारच बाहेर पडणार, त्याने एवढा खर्च करू नये. निरनिराळ्या देशांचे उपग्रह घेणारे यंत्र मात्र अवश्य पाहावे. विमानोड्डाणासाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्था आणि विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून उभारलेली ‘गगन’ ही यंत्रणा जी.पी.एस.च्या चुकांची दुरुस्ती आकाशातून पाठवीत असते. यंत्राला ते संदेश समजत असतील तर ती सोय चालू करून ठेवावी. तिला वेगळे मोल पडत नाही.

यंत्र घरी आणल्यावर एक गोष्ट प्रथम तपासावी: पृथ्वीच्या आकाराचे कोणते माप त्यात लावले आहे. हे वाक्य विचित्र वाटेल. परंतु पृथ्वी वाटोळी नसून किंचित चपटी आहे, आणि ती किती चपटी याविषयी गणितज्ञांनी वेगवेगळी मापे मांडली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांना १८३० चे एव्हरेस्टचे माप आणि मध्य प्रदेशातील कल्याणपूरचा मूळबिंदू यांचा आधार होता. उपग्रहांचा कारभार डब्ल्यू.जी.एस. ८४ या मापावर चालतो, आणि २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर विभागाने जनतेसाठी काढलेले नकाशेही त्याच मापावर आहेत. जुन्या नकाशाचे माप यंत्रात राहिले, तर झाडाखालचा डबा रस्त्यापलीकडे दिसू लागतो आणि शोधक विनाकारण दुसऱ्याच झाडाला प्रदक्षिणा घालतो.

खरेदीच्या बाबतीत एक इशारा कायद्याचा आहे. साधे जी.पी.एस. यंत्र फक्त ऐकते. श्रोत्यांच्या घरातील रेडिओसंच जसा आकाशवाणीचे ऐकतो, पण कोण ऐकतो आहे हे आकाशवाणीला कळत नाही, तसेच ते आहे. मात्र काही हातयंत्रे उपग्रहामार्फत उलट निरोपही पाठवितात. संकटात ती फार उपयोगी. अशी बोलणारी यंत्रे भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून बाळगता येत नाहीत, आणि परदेशी पर्यटकांना विमानतळावर त्यापायी अडकून पडावे लागले आहे. परदेशातील मुलाने किंवा मेहुण्याने प्रेमाने आणलेले यंत्र स्वीकारण्यापूर्वी ते ऐकणारे आहे की बोलणारे, एवढे पाहून घ्यावे.

येथवर सारे सोपे. कठीण भाग शोधण्याचा नाही, लपविण्याचा आहे. पाश्चात्त्य देशांत या खेळासाठी लष्कराने टाकून दिलेल्या काडतुसांच्या लोखंडी पेट्या आवडीने वापरतात. त्या भक्कम असतात, पाणी आत जात नाही. चंदिगढात अशी पेटी झुडुपात दिसली तर काय होईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. १९८५ च्या मे महिन्यात दिल्लीत आणि उत्तर भारतात इतरत्र बसगाड्यांत व रस्त्यांवर ठेवलेले ट्रान्झिस्टर लोकांनी कुतूहलाने उचलले आणि ते हातात फुटले. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी याच नगरात सचिवालयासमोर पंजाबचे मुख्यमंत्री बेअंतसिंग बाँबस्फोटात मारले गेले. ज्या पिढीने हे पाहिले, तिच्या मनात बेवारस वस्तू या शब्दांचा अर्थ कायमचा ठरून गेला आहे. ‘कोणतीही अनोळखी वस्तू उचलू नका’ असे जेथे प्रत्येक स्थानकावर सांगितले जाते, तेथे ‘अनोळखी वस्तू शोधून उचला’ असा खेळ मांडणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. हे भय भारतापुरतेही नाही. २०११ साली यॉर्कशरमधील वेदरबी गावी कॅफेबाहेर कोणी एक लहानसा डबा खोचून ठेवला. पाहणाऱ्याला संशय आला, बाँबनाशक पथक आले आणि डबा स्फोटाने उडविण्यात आला. आत एक वही होती.

तेव्हा लपवायचे ते वाटसरूंपासून, राखणदारापासून नव्हे. खेळाच्या नियमांतही जागेच्या मालकाची संमती अनिवार्यच मानली आहे, पण पुष्कळ खेळाडू तो नियम वाचून सोडून देतात. चंदिगढात तसे करून चालणार नाही. कॅपिटॉल संकुल, उच्च न्यायालय, विमानतळ आणि चंडीमंदिरचा लष्करी परिसर यांच्या आसपास डबा ठेवण्याचा विचारही करू नये. सुखना अभयारण्यात प्रवेशालाच वनखात्याची अनुमती लागते. उद्यानात ठेवावयाचा तर उद्यान सांभाळणाऱ्या खात्याकडे लेखी अर्ज करावा, आणि उत्तर आले नाही तर ते नकारार्थी समजावे. मौन म्हणजे संमती हे सुभाषितात ठीक, फायलीत नाही.

यावर कोणी म्हणेल, की परवानगी घेऊन लपविण्यात कसली गंमत? या प्रश्नाला चंदिगढातच एक प्रसिद्ध प्रत्युत्तर आहे. फाळणीत गाव सोडून आलेले नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्तानिरीक्षक होते. सुखना तलावाजवळच्या राखीव वनात, जेथे एक वीटही रचण्यास बंदी होती, तेथे १९५७ च्या सुमारास त्यांनी नवे शहर वसविताना पाडलेल्या गावांचा भंगार माल आणि विचित्र आकाराचे दगड जमविण्यास प्रारंभ केला. कचेरी सुटल्यावर आणि रात्री सायकलवरून तेथे जावयाचे, फुटक्या बांगड्या, कपबश्या, विजेच्या सामानाचे तुकडे यांच्या मूर्ती घडवावयाच्या, हे त्यांनी वर्षानुवर्षे चालविले. ज्या शहरात प्रत्येक चौकटीला आकडा होता, तेथे एका कनिष्ठ सेवकाने एकरच्या एकर जागेवर एक राज्य उभे केले आणि ते कोणाच्या दप्तरात नव्हते. सत्तरीच्या दशकात अधिकाऱ्यांना ते सापडले, तेव्हा नियमाप्रमाणे ते पाडावयाचे होते. लोकांना ते पाहावेसे वाटले, म्हणून ते वाचले. १९७६ साली रॉक गार्डन या नावाने खुले झाले, नेकचंदांना त्याच कामावर नेमण्यात आले, मजूर देण्यात आले, आणि १९८४ साली पद्मश्री मिळाली. परवानगीवाचून लपविलेल्या वस्तूंत याहून सुंदर वस्तू दाखविणे कठीण. परंतु ती किती थोडक्यात वाचली, हेही ध्यानात ठेवावे. आणि नेकचंद रोज तेथे जात होते. आपल्या कृतीला सोडून गेले नव्हते. डबा ठेवून दुसऱ्या गावी बदलून जाणाऱ्याने तो कोणाच्या तरी हवाली करून जावे किंवा काढून न्यावा.

ज्याला परवानग्यांचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी डब्याविनाही एक प्रकार आहे. त्याला अर्थकॅश म्हणतात. तो २००४ पासून अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या पुढाकाराने रूढ झाला. त्यात ठेवावयाचे काहीच नसते. शोधकाने दिलेल्या जागी जावे, तेथील खडक किंवा माती पाहावी आणि त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे कळवावी. शिवालिकच्या पायथ्याशी यासाठी साहित्याची वाण नाही. नाहनजवळच्या सुकेती येथे लाखो वर्षांपूर्वीच्या प्राण्यांचे जीवाश्म ज्या थरांत मिळाले, तेच थर घेऊन हे डोंगर चंदिगढच्या उशाशी उभे आहेत. चोयांच्या काठांवर पाण्याने आणलेले गोटे आणि वाळू यांचे पट्टे उघडे पडलेले दिसतात. मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकाने हा प्रकार आधी निवडावा.

आणि जो डबाच ठेवणार, त्याने तो पारदर्शक प्लास्टिकचा घ्यावा, म्हणजे न उघडता आतले दिसते. वर पंजाबी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही लिप्यांत हा खेळ असल्याचे आणि कोणाच्या संमतीने ठेवला आहे त्याचे स्पष्ट लिहावे. आत संमतिपत्राची प्रत ठेवावी. खाद्यपदार्थ ठेवू नयेत, मुंग्या आणि माकडे दोघेही नियम वाचत नाहीत. आकडे घेताना तीन दिवस घेऊन त्यांची सरासरी धरावी. वहीबरोबर शाईचे पेन नको. पावसाळ्यात पहिली सर आत झिरपली की साऱ्या सह्या एकमेकींत मिसळून जातात. शिसपेन्सिल ठेवावी, आणि जुलैत एकदा जाऊन तिला टोक करून यावे.